एकाच नवरीचा झगा

२ सप्टेंबर, सोमवार

वकीलसाहेब,

तुला सिस्टर म्हणणार नाही. अजून झालेली नाहीस, आणि माझ्याकडून होईल तेवढं करून होऊ देणार नाही.

मोठ्या मदर, तुम्हालाही नमस्कार. तिच्या नावानं आलेलं पत्र आधी तुम्ही उघडता आणि मग तिच्या हातात देता, हे मला ठाऊक आहे. खुशाल उघडा. दोघींनी वाचावं असंच लिहितोय.

तुमच्याकडच्या म्हाताऱ्या सिस्टर आज दुपारी मामाच्या दुकानात आल्या. हातात पुठ्ठ्याचा हा एवढा खोका. मामानं झाकण उघडलं, पातळ कागद बाजूला केला आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "नवरी कोण आहे या खेपेला?" सिस्टरनी तुझं नाव सांगितलं. मी बटणं लावत होतो. सुई थेट अंगठ्यात गेली. दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे मला 'काडेपेटी' म्हणतात, हे तुला ठाऊक नसेल. मामा एवढंच म्हणाला, "काडेपेटी, पाणी पिऊन ये."

पाणी पिऊन आलो. विझलो नाही.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. कॉलेजच्या ग्रंथालयामागचा जिना. "तू कमवायला लाग, मी बाबांशी बोलते," असं तूच म्हणाली होतीस. पुढच्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं, दुसरं वर्ष अर्धं टाकून, आणि मामाच्या दुकानात मशीनवर बसलो. तर तू कपाळावर हात मारून घेतलास. "अरे, पदवी घेऊन कमव म्हणत होते मी!" मग आधी सांगायचंस ना. त्यानंतर तू आठ दिवसांच्या मौन साधनेला म्हणून त्या कॉन्व्हेंटमध्ये गेलीस. तुझं ते मौन अजून संपायचंय.

तुमची रीत मी विचारून घेतली आहे. बावीस तारखेला, रविवारी, तू नवरीच्या झग्यात चर्चच्या दाराशी येणार. फादर मोठ्यानं विचारणार, "हिच्यावर कुणाचा दावा आहे का?" कुणी बोललं नाही की दार उघडणार. आत गेल्यावर झगा उतरवायचा, सिस्टरचा वेष चढवायचा, आणि मुलगी ख्रिस्ताची झाली.

माझा दावा आहे. मी उभा राहणार आहे. कुठला शर्ट घालायचा तेही ठरलंय. पांढरा, मी सबंध शिवलेला पहिला शर्ट. आपल्या लग्नासाठी शिवला होता. घडी अजून मोडलेली नाही.

तुझा (हे मी खोडणार नाही)


७ सप्टेंबर, शनिवार

वकीलसाहेब,

उत्तर नाही. ठीक आहे. मग मीच बोलतो.

झगा आता माझ्या टेबलावर आहे. मामानं मुद्दामच मला दिला. म्हणाला, "दुसऱ्या कुणाला दिला तर तू त्याच्या डोक्यावर बसशील. त्यापेक्षा तूच कर, आणि डोकं ठिकाणावर ठेवून कर."

तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक मुलीनं हाच झगा घातला, हे मला माहीत नव्हतं. मामाच्या वडिलांच्या हाताखालूनही तो गेलाय. मूळचा पांढरा, आता दुधावरच्या सायीसारखा. मामानं पहिल्यांदा माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "याला कात्री लावायची नसते. उसवायचं, आत घ्यायचं, नाहीतर बाहेर सोडायचं. पुढची कोण येईल, केवढी येईल, आपल्याला काय ठाऊक?" म्हणून बगलेपासून कमरेपर्यंत शिवणीच्या आत चांगली चार बोटं कापड राखलेलं आहे. आमच्यात त्याला माया म्हणतात.

शिवण उसवली तर आत जुन्या टाक्यांची भोकं. ओळीला लागून ओळ, कंगव्याच्या दातांसारखी. एक बारीक, एक रुंद, एक मधलीच. मी बोट फिरवून बघितलं. किती जणींना फसवलंय तुझ्या त्या नवरदेवानं!

(मदर, हे खोडू नका. तिला वाचू दे.)

आता तुझ्या मापांचं. म्हाताऱ्या सिस्टरनी दिलेली मापं वाचून मला हसू आलं. हा दंड तुझा? ही छाती, हे खांदे? त्यांनी जाड कपड्यांवरून फीत फिरवली असणार. माझ्यापासून लांब राहून तू वाळली असशील, फुगशील कशाला? तुला डबलसीट घेऊन मी गावभर सायकल हाकली आहे. गर्दीत तुझ्या खांद्यावर हात ठेवून रस्ता ओलांडला आहे. (मदर, तेवढंच. शपथ.) तुझं माप मला कुणी सांगायला नको.

परवा तुझे बाबा आले होते. "कोट शिवायचाय. मुलीच्या लग्नाचा." मामानं विचारलं, "बटणं दोन की तीन?" म्हणाले, "पोट झाकतील तेवढी लावा." मग माझ्याकडे बघून हसले. "जावई चांगला मिळाला हो. एकदाही जेवायला येणार नाही, हाच काय तो दोष." मामानं बाहीचं माप घ्यायला त्यांचा हात उचलला. माप झालं तरी हात तसाच हवेत. शेवटी मामानंच तो हळूच धरून खाली केला.

एवढं तरी तुला कळायला हवं.


१२ सप्टेंबर, गुरुवार

वकीलसाहेब,

मिळालं तुझं पत्र. तीन वेळा वाचलं, दोनदा चुरगळलं. आता पुन्हा सरळ केलंय, इस्त्री फिरवून.

मधल्या चिठ्ठीत मी विचारलं होतं, तुझ्या त्या नवरदेवाला बायका तरी किती? एका कॉन्व्हेंटात पन्नास, तशी कॉन्व्हेंटं जगभर. मी असं केलं असतं तर लोकांनी मला चौकात धरून बडवला असता. त्यावर तू लिहितेस:

"बायका नाहीत, एकच नवरी आहे, आणि ती मी नव्हे. ख्रिस्तसभा ही त्याची नवरी. आपण सगळे मिळून एक. त्यात मी आहे, बाबा आहेत, मामा आहेत, तुमच्या दुकानासमोरचा तो भांडखोर न्हावी आहे. आणि तूही आहेस, काडेपेटी. (हो, कळलं मला.) झगा कुणीतरी अंगात घालून दाराशी उभं राहावं लागतं, म्हणजे बाकीच्यांना आठवतं की आपण कुणाचे. या खेपेला ती पाळी माझी."

वा! न्हावी नवरी! त्याच्या मिशा बघितल्यास का? आणि मी? ज्यानं माझी नवरी पळवली, त्याचीच नवरी मी व्हायचं? म्हणजे दरोडा माझ्या घरावर आणि वरातीतही मीच!

पुढे लिहितेस की त्याला ती डाग नसलेली, सुरकुती नसलेली अशी उभी करायची आहे. बाई, मी रोज इस्त्री करतो. डाग नाही, सुरकुती नाही असं कापड मी फक्त दुकानाच्या फळीवर पाहिलंय, कुणाच्या अंगावर नाही. तर तू आधीच लिहून ठेवलंयस, "म्हणून तर तो तिला अजून धुतोय, इस्त्री तापवतोय." तुला खरंच वकील व्हायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र तू एका ओळीत उरकलीस. जिन्यावर तू दिलेला शब्द. त्यावर चार ओळी तरी लिहायच्यास. "शब्द दिला होता, तो मोडला, तू रागावलास ते योग्यच आहे," एवढंच? असं लिहिल्यावर माणसानं भांडायचं कसं?

झगा तयार आहे. तुझ्या अंगावर असा बसेल की जणू तुझ्याचसाठी विणला होता. तुझ्यानंतर तो कुणालाच होणार नाही. फक्त तुझा. का, ते विचारू नकोस.

बावीसला येतोय. शर्टाला कडक इस्त्री केली आहे.


१७ सप्टेंबर, मंगळवार

काय घडलं ते तुला ठाऊकच आहे. तरी लिहितो, कारण दाराच्या बाहेरच्या बाजूला मी होतो.

मामा आणि मी झगा घालून बघायला म्हणून आलो. मामाला तुमच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. मी हातात टाचण्यांची उशी घेऊन बोळात उभा. तिथे पावाचा वास येत होता. तुमच्याकडे भट्टी आहे, हेही मला नव्हतं माहीत. दारापलीकडे कापडाची सळसळ, मग म्हाताऱ्या सिस्टरचा आवाज, "श्वास सोड, श्वास सोड." आणि मग तू हसलीस. "अहो, हातच आत जात नाही! हा काय बाहुलीचा झगा आहे?"

वर्षभरात तुझं हसणं ऐकलं नव्हतं. मी ठरवून टाकलं होतं की तू तिथे रडत असशील.

तू मला दिसली नाहीस. पण अर्ध्या दारातून तुझा हात बाहेर आला, झगा बाहेर आलेल्या सिस्टरांकडे देताना. तो हात मी ओळखला नाही. मजबूत, भरलेला, कोपरापर्यंत पीठ. रोज पहाटे तू दोनशे पावांचं पीठ मळतेस, असं सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दिलेली मापं अगदी बरोबर होती. मी ज्या मुलीचा झगा शिवला, ती आता फक्त माझ्या सायकलवर बसलेली आहे.

मामानं शिवण उलटी करून बघितली. "सोडतो थोडं, त्यात काय," असं म्हणाला आणि थांबला. सोडायला आत काहीच नव्हतं. माया मी कापून टाकली होती. दोन्ही बाजूंची. सगळी.

मामानं मला कधी हात लावला नव्हता. तिथे, तुमच्या खोलीत, त्या मोठ्या क्रुसाखाली, त्यानं एक ठेवून दिली. मग स्वतःच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझ्या बापानंसुद्धा याला कात्री लावली नाही रे."

मग मोठ्या मदरनी मला आत बोलावलं. मदर, तुम्ही हे वाचताय. तुम्ही काय बोललात ते मी तिला सांगणार आहे, चुकलं तर दुरुस्त करा.

"किती कापलंस?"

"सगळं."

"कापलेलं कुठंय?"

"चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. गादीवाला घेऊन गेला."

"मग आता कुणीतरी त्यावर झोपत असेल," मदर म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी कारण विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघालं. मला तो झगा फक्त तुझा करायचा होता. तुझ्याआधीच्या त्या सगळ्या भोकांसकट मला त्याचा राग आला होता. पुढे कुणी तो घालू नये, कुणी तुझ्या जागी उभं राहू नये. तू एकटीच असावीस. एका नवरीला एक झगा, जगात असतं तसं.

मदर म्हणाल्या, "रविवारी ती रोजच्या कपड्यांत दाराशी येईल. तिची काही हरकत नाही. पण झगा असाच राहिला तर तो संपला. पुढच्या मुली आल्या की त्यांच्या हातात काय देऊ?" मी म्हटलं, बगलेपासून कमरेपर्यंत नव्या पट्ट्या घालता येतील. पण असं कापड आता मिळायचं नाही, पट्ट्या वेगळ्या दिसतील. "दिसू देत," मदर म्हणाल्या. "तुझी पत्रं मी आधी वाचते. तुझ्याकडे एक पांढरा शर्ट आहे."

"तो माझ्या लग्नाचा आहे."

"हो. तिनंही हेच सांगितलं. म्हणूनच माग म्हणाली."

हे तुझं काम. दुसरं कुणाचं असूच शकत नाही. दाराआडून, कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी, तू माझ्याकडे शेवटची उरलेली गोष्ट मागितलीस. वर मलाच म्हणशील की हेही त्या एका नवरीसाठी.

देणार नाही. आधी मला सोडलंस, आता शर्टही सोडू? रविवारी मी तो घालून येणार. तू ये रोजच्या कपड्यांत. बघू फादर काय विचारतात आणि मी काय सांगतो.


२० सप्टेंबर, शुक्रवार

झगा आज पाठवला. टाचण्या सगळ्या काढल्या आहेत, तरी घालताना जपून. एखादी राहिली असेल.

शर्ट कापला. कापला म्हणजे मी माघार घेतली, असं समजू नकोस. मंगळवारपासून मामा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. दुकानात कुणीच 'काडेपेटी' म्हणेना. समोरचा न्हावी, तुझी ती मिशीवाली नवरी, सगळं कळल्यावर येऊन म्हणाला, "काय रे, देवाच्या बायकोचा झगा कापलास म्हणे? आता माझ्या वस्तऱ्याखाली बसायला यायचं धाडस करू नकोस." दोन दिवस ऐकून घेतलं. काल सकाळी शर्ट आणला आणि मामासमोर टेबलावर ठेवला. पाठीचा भाग सगळ्यात मोठा सलग होता. त्यातून दोन पट्ट्या निघाल्या.

कापण्याआधी तीनदा मोजलं. झगा कापताना एकदाही मोजलं नव्हतं.

सुईत दोरा ओवत होतो, तेव्हा मामा पहिल्यांदा बोलला. "माया ठेव," म्हणाला. बस, एवढंच. मी पट्ट्या रुंद घेतल्या आणि जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं. सगळी हातशिलाई आहे. मशीननं जुनं कापड फाटलं असतं.

पट्ट्या दिसतात. सायीसारख्या झग्यात बगलेखाली दोन पांढऱ्याफेक रेघा. हात खाली असतील तर कळणार नाही. उचललेस की सगळ्या चर्चला दिसेल.

रविवारी मी येणारच. शर्ट निळा. फादरनी विचारलं की उभा राहणार. मी सांगून ठेवलंय आणि मी शब्द मोडत नाही. (हे तिला बोललो, मदर, तुम्हाला नाही.)


२२ सप्टेंबर, रविवार

तू आत गेलीस, तुझ्यामागे दार बंद झालं, आणि मी इथे दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. आज दुकान बंद आहे. मामा तुझ्या बाबांना घरी सोडायला गेलाय.

तिसऱ्या बाकावर कडेला मी बसलो होतो, ते तू पाहिलंस. सगळे मागे वळून दाराकडे बघत होते. तू उंबऱ्यावर, शेजारी बाबा, नव्या कोटात, तीनही बटणं लावलेली. फादरनी विचारलं, "हिच्यावर कुणाचा दावा आहे का?"

मी उभा राहिलो.

बाक कुरकुरला. माझ्या पुढचे सगळे चेहरे माझ्याकडे फिरले. मामानं डोळे मिटून घेतलेले मला दिसले. तुझ्या बाबांचा चेहरा बघवेना. सगळं बोलणं तयार होतं. जिना, तुझा शब्द, कॉलेज, वर्षभराचं मौन. फादर थांबले. आणि तू माझ्याकडे बघितलंस आणि हात वर केलास, केस कपाळावरून मागे सारायला. ही तुझी जुनीच सवय. डाव्या बगलेखाली माझ्या शर्टाची रेघ लख्ख दिसली, आणि तिच्यावरचा पहिला टाका ताणला गेला.

"हात सावकाश," मी म्हणालो. मोठ्यानं, भर चर्चमध्ये. "डावीकडचा टाका नवा आहे. फार वर करू नकोस, उसवेल."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. मोठ्या मदरनी रुमाल तोंडाला लावला. फादर जरा गडबडले आणि त्यांनी मला विचारलं, "म्हणजे... दावा?"

मी खाली बघितलं. निळा शर्ट. मला वाटलं, दावा सांगायला मी इथे उभा आहे खरा, पण मी तर तिकडेही आहे, दाराशी. तुझ्या दोन्ही कुशींना. नवरीच्या अंगावरच जो आहे, तो नवरीवर दावा सांगणार कसा?

"नाही," मी म्हणालो. "शिंप्याचं बोलणं होतं. झालं."

आणि बसलो. बोलायचं संपलं, म्हणून बसलो. मोठेपणा वगैरे काही नाही.

दार उघडलं. तू आत आलीस आणि माझ्या बाकाजवळून गेलीस. हात खाली, अगदी सावकाश.

मला अजून तुझ्या त्या नवरदेवाचा राग आहे, हे लिहून ठेवतो. नवरदेव कोण ते तू ठरवलंस. नवरीत मी असायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. कापड मात्र मीच दिलं, हे नाकारता येत नाही.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टर,

लिहिलं. एकदा लिहिलं की जमतं.

आज म्हाताऱ्या सिस्टर पुन्हा आल्या, तोच खोका घेऊन. नवी मुलगीही बरोबर होती. बंदरात पोती उचलायची म्हणे. उंच, आणि खांदे दरवाजाएवढे. दुकानात शिरताना तिनं दाराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि चौकटीचीच माफी मागितली. मामा माझ्या कानात म्हणाला, "काडेपेटी, आता तुझी खरी परीक्षा."

या वेळी मापं माझ्या समोर घेतली. सिस्टरनीच घेतली, मी लिहून घेतली, आणि जे सांगितलं तेच लिहिलं.

दोन्ही बाजू उसवल्या. माझ्या पट्ट्यांत दुमडून ठेवलेलं सगळं कापड बाहेर सोडलं. पुरलं. बोटभर उरलंसुद्धा, तिच्यानंतर येणारीसाठी. पट्ट्या आता आणखी रुंद दिसतात. मी म्हटलं, "दिसेल हो हे, वेगळं आहे." ती म्हणाली, "दिसू दे की. मीच कुठं लपणार आहे?"

बाबा बरे आहेत. परवा कोटाचं मधलं बटण लावून घ्यायला आले होते. मला म्हणाले, "एकदा जेवायला ये रे. जावई तर येत नाही." रविवारी जाणार आहे.

मदर, हे पत्र आधी तुम्ही वाचाल. झगा शनिवारी पाठवतो. एक गोष्ट तेवढी बघून घ्या. शिवण सोडली तेव्हा तिच्या, सप्टेंबरातल्या, टाक्यांची भोकं उघडी पडली, नव्या शिवणीच्या आत, माझ्या शर्टाच्या कापडावर, एक सबंध ओळ. सुरकुत्या सगळ्या गेल्या. भोकं इस्त्रीनं जात नाहीत. दोनदा फिरवून पाहिली, मग राहू दिली.